मोबाइलवर चालतो, संगणकावर अडकतो: लग्नाच्या व्हिडिओचं दुखणं नेमकं कुठे आहे?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काय कळलं ते तुम्हाला कळेल. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ फोटोग्राफरने ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर तीन फाइलींत दिलाय. घरचा डेस्कटॉप २०१४ सालचा आहे: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज १०, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये आवाज येतो पण पडदा काळा राहतो. व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये चित्र दिसतं, पण अडखळत, आणि हळूहळू आवाज पुढे निघून जातो. तिसरी, विधींची फाइल दर वेळी ४७व्या मिनिटाला, ऐन सप्तपदीत थांबते. यूट्यूबही अधूनमधून अडकतं. जावयांच्या मोबाइलवर मात्र व्हिडिओ लोण्यासारखा चालला. दुकानदार म्हणतो, संगणक जुना झाला, नवा घ्या. घ्यावा का?

इचलकरंजीत गेली बावीस वर्षं संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतोय, त्या अनुभवावर सांगतो. तुमचं दुखणं एक नाही, तीन आहेत. ती एकाच आठवड्यात दिसली म्हणून एकच वाटतायत. काळा पडदा आणि अडखळणं ही एकाच कारणाची दोन रूपं. ४७व्या मिनिटाला थांबणं हे पूर्णपणे वेगळं प्रकरण. यूट्यूब तिसरं. यातल्या दोहोंना नवा संगणक हा उपाय असू शकतो, पण गरजेपेक्षा फार महाग. आणि जे सगळ्यात गंभीर आहे, त्याला नवा संगणक काहीच करू शकणार नाही.

ते गंभीर म्हणजे सप्तपदी. तिथूनच सुरू करू, कारण त्यात वेळ महत्त्वाची आहे.

अडखळणं जेव्हा कधी इथे, कधी तिथे होतं, तेव्हा मी संगणकाकडे बघतो. दर वेळी त्याच मिनिटाला, त्याच सेकंदाला होतं, तेव्हा फाइलकडे किंवा ती ज्यावर ठेवलीय त्या वस्तूकडे बघतो. थकलेला माणूस रस्त्यात कुठेही बसेल. रोज एकाच ठिकाणी पडत असेल तर तिथे खड्डा आहे. एक छोटी परीक्षा करा. जावयांनी मोबाइलवर तिसरी फाइल ४७व्या मिनिटाच्या पुढे नेऊन पाहिली होती का? माझा अंदाज, पहिल्या एकदोन फाइली थोड्या थोड्या पाहिल्या असतील. आता मुद्दाम ती जागा मोबाइलवर लावून बघा. तिथेही थांबली तर संगणक निर्दोष सुटला.

दुसरी परीक्षा म्हणजे ती फाइल पेनड्राइव्हवरून संगणकाच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी मध्येच थबकली किंवा वाचता येत नाही असा संदेश आला, तर पेनड्राइव्हचा तेवढा भाग खराब आहे. कॉपी विनातक्रार पूर्ण झाली आणि तरीही व्हिडिओ त्याच जागी थांबला, तर फाइलच मुळात बिघडलेली उतरलीय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्याकडे एका मुंजीचा पेनड्राइव्ह आला होता. वर १२८ जीबी छापलेलं, विंडोजही १२८ दाखवत होतं. पहिल्या काही फाइली झकास, पुढच्या सगळ्या नुसत्या नावापुरत्या. तो बनावट निघाला: आतली खरी जागा थोडीच, पण संगणकाला खोटा आकडा सांगायला लावलेला. असल्या ड्राइव्हवर लिहिताना काही तक्रार येत नाही, खऱ्या जागेच्या पुढे लिहिलेलं सगळं हवेत जातं. फोटोग्राफर घाऊक भावात स्वस्त ड्राइव्ह घेतात, त्यालाही बिचाऱ्याला माहीत नसतं. हे तपासायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं, मोफत सॉफ्टवेअर आहे, पण ते रिकाम्या जागेवर लिहून बघतं. म्हणून तुमच्या या ड्राइव्हवर ते आत्ता चालवू नका. आधी चांगल्या दोन फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. तसंच, ड्राइव्ह लावल्यावर विंडोजने दुरुस्त करू का, फॉरमॅट करू का असं विचारलं, तर आत्ता ‘नाही’ म्हणा.

आणि आजच्या आज फोटोग्राफरला फोन करा. लग्नसराईत त्यांच्या डिस्क भरतात, जुनी कामं पुसली जातात. मूळ फाइल त्यांच्याकडे आहे तोवर हा पाच मिनिटांचा विषय आहे. ती पुसली गेली, तर माझ्यासारखा कुणीही ती सप्तपदी परत आणून देईल याची खात्री नाही. फोनवर आणखी एक गोष्ट मागायची आहे. ती काय, हे कळायला पुढचं वाचा.

आता काळा पडदा आणि अडखळणं. मोबाइलवर चालतं आणि एवढ्या मोठ्या संगणकावर का चालत नाही, हा तुमचा खरा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे.

फाइलच्या नावाच्या शेवटी एमपीफोर लिहिलेलं असतं, त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. आमच्या गावच्या भाषेत सांगायचं तर ती नुसती कापडाची गाठ बांधलेली आहे. आतला तागा सुती की पॉलिस्टर, ते गाठ सोडल्यावर कळतं. आतलं चित्र ज्या पद्धतीने दाबून बसवलेलं असतं त्याला कोडेक म्हणतात. २००३ साली आलेलं एच.२६४ हे सगळ्यांत जास्त पसरलेलं. त्याच्यानंतर २०१३ साली एच.२६५ आलं, त्यालाच एचईव्हीसी म्हणतात. तेवढ्याच दर्जाचं चित्र ते साधारण निम्म्या जागेत बसवतं, म्हणून ४के चित्रीकरणात त्याचा सुळसुळाट आहे. पण जितकं घट्ट बांधलेलं, तितकं सोडवायला कष्ट. शिवाय ४के म्हणजे एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडीत ते २१ लाखांच्या आत असतात. म्हणजे कापड चौपट, आणि वरून गाठही अवघड.

ही गाठ दोन प्रकारे सुटते. एक, प्रोसेसरमध्ये त्याच कामासाठी कोरलेला वेगळा भाग असतो. तो विजेचा फारसा खर्च न करता, न तापता सोडवतो. दोन, तसा भाग नसेल तर मुख्य प्रोसेसर स्वतः हिशेब करत बसतो. इंटेलमध्ये एचईव्हीसीसाठी असा भाग २०१५च्या सहाव्या पिढीपासून आला, आणि १०-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या, एचईव्हीसीसाठी सातव्या पिढीपासून. तुमचा चौथ्या पिढीचा. तो अशक्त नाही, टॅली, एक्सेल, इंटरनेट आजही उत्तम करेल. ही एक कला त्याच्या जन्मानंतर आली, एवढंच. मोबाइलवाल्यांना मात्र बॅटरी वाचवायची असते, म्हणून गेल्या कित्येक वर्षांतल्या साध्या मोबाइलच्या चिपमध्येही हा भाग असतो. जावयांचा मोबाइल तुमच्या संगणकापेक्षा ताकदवान आहे म्हणून जिंकला नाही. त्याच्याकडे या कुलपाची किल्ली होती.

विंडोजच्या प्लेअरमध्ये नुसता आवाज का येतो, तेही यातूनच कळेल. आवाज वेगळ्या पद्धतीने बांधलेला असतो, तो सुटतो. चित्राची एचईव्हीसी गाठ सोडायचा भाग विंडोज १०मध्ये बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये तो किरकोळ पैशांना मिळतो. तुम्ही तो घेऊ नका. पडदा काळा राहणार नाही, पण अडखळणं तसंच राहील. व्हीएलसी स्वतःची किल्ली बरोबर घेऊन येतो, म्हणून तिथे चित्र दिसलं. पण कष्ट प्रोसेसरलाच पडले. तो मागे पडला की व्हीएलसी आवाजाची चाल धरून ठेवतो आणि उशिरा तयार झालेली चित्रं टाकून देतो. तुम्हाला वाटतं आवाज पुढे गेला. खरं तर चित्र मागे राहिलं.

माझ्या बोलण्यावर विसंबू नका, स्वतः खात्री करा. व्हीएलसीत व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. जी खिडकी उघडेल त्यात कोडेकपुढे एचईव्हीसी किंवा एच.२६५ दिसतं का, रिझोल्यूशन काय, आणि ‘डिकोडेड फॉरमॅट’पुढे १०-बिट लिहिलंय का, बघा. त्याच खिडकीत ‘स्टॅटिस्टिक्स’ या पानावर ‘लॉस्ट’चा आकडा वाढत असेल, तर तेवढी चित्रं टाकली जातायत. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू शंभर टक्क्यांना चिकटलेला असेल तर निदान पक्कं. सीपीयू निवांत असेल आणि तरीही अडखळत असेल, तर माझा तर्क चुकला. मग डिस्क किंवा ग्राफिकच्या ड्रायव्हरकडे वळावं लागेल. हिरवा-गुलाबी पडदा किंवा चौकोन-चौकोन दिसत असतील, तर व्हीएलसीच्या टूल्समध्ये प्रेफरन्सेस, त्यात इनपुट-कोडेक्स, आणि तिथलं हार्डवेअर डिकोडिंग बंद करून बघायचं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

पेनड्राइव्हचा वेग कमी आहे का, अशी शंका तुम्ही काढली होती. हिशेब करू. सेकंदाला १०० मेगाबिट असा भरभक्कम ४के व्हिडिओ धरला तरी तो सेकंदाला साडेबारा मेगाबाइट होतो. बरा पेनड्राइव्ह जुन्या यूएसबी २ पोर्टवरही एवढं वाचून देतो. तरी शंका नको म्हणून फाइल हार्ड डिस्कवर घेऊनच तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या धंद्यातला नियम. पोरं एकदम ड्रायव्हर, प्लेअर आणि विंडोज सगळं बदलतात, आणि मग बरं कशाने झालं हे त्यांनाच ठाऊक नसतं.

कुणी कोडेक पॅक, म्हणजे अनेक कोडेकांचा एकत्र संच, टाकायला सांगेल. टाकू नका. वीस वर्षांपूर्वी त्याची गरज पडायची, मीही सीडी भरभरून वाटलेत. आज व्हीएलसी असताना त्याने फक्त गोंधळ वाढतो. व्हिडिओ बघण्यासाठी फ्लॅश प्लेअर अपडेट करा असं एखादं पान म्हणालं तर ते सरळ फसवणूक समजा. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिकृतपणे बंद झालं.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या बैठकीच्या खोलीत असेल. गेल्या काही वर्षांत घेतलेला ४के टीव्ही असेल तर पेनड्राइव्ह सरळ त्याला लावा. तशा बहुतेक टीव्हींना एचईव्हीसी येतं. टीव्हीने ड्राइव्ह ओळखलाच नाही, तर तो कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलाय ही अडचण असू शकते, कारण ४ जीबीच्या वरची फाइल जुन्या फॅट३२ पद्धतीत बसतच नाही आणि नव्या पद्धती काही टीव्हींना वाचता येत नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे तो फोन. फोटोग्राफरला हे शब्द जसेच्या तसे सांगा: ‘४के प्रत आमच्याकडे राहू द्या, पण आणखी एक प्रत फुल एचडी, एच.२६४, ८-बिट अशी काढून द्या.’ त्याला बरोबर कळेल. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन क्लिकचं काम आहे, आणि भला माणूस पैसे मागणार नाही. ही प्रत तुमच्या संगणकावर, गावाकडच्या जुन्या लॅपटॉपवर, कुठेही चालेल. नवा, चांगल्या दुकानातला पेनड्राइव्ह तुमचा तुम्ही घेऊन जा.

तो टाळाटाळ करत असेल तर हेच काम घरी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने होतं. ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार साचा निवडा, आणि फ्रेमरेटच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याच्या, जागी ‘सेम अ‍ॅज सोर्स’ करा. आपल्याकडे बरंच चित्रीकरण २५ किंवा ५० फ्रेमवर होतं. ५०चं असेल तर तो साचा त्याला ३०च्या आत दाबतो आणि वरातीतला नाच तुटक दिसतो. वेळ मात्र लागेल. एका तासाच्या २५ फ्रेमच्या व्हिडिओत ९०,००० चित्रं असतात. तुमच्या संगणकाने सेकंदाला १५ चित्रांचा वेग धरला तर एक तास चाळीस मिनिटं. वेग कमी पडला तर रात्रभर. मध्येच लाइट गेली तर अर्धवट एमपीफोर उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. यूपीएस नसेल तर एमकेव्ही हा प्रकार निवडा, त्यात निदान झालं तेवढं हाती लागतं. आणि रूपांतर झालं म्हणून मूळ ४के फाइल पुसू नका. दहा वर्षांनी घरात जो संगणक असेल, त्याला ती सहज पेलेल.

तिसरा उपाय ग्राफिक कार्ड, आणि इथे फसगत होते. दुकानदार ‘२ जीबीचं कार्ड टाकतो’ म्हणून जीटी ७१० पुढे करेल. कार्डावरच्या जीबीचा इथे संबंध नाही. त्या कार्डाला एचईव्हीसी येत नाही, पैसे टाकूनही तुम्ही तिथेच राहाल. जीटी १०३० ला येतं, १०-बिटसुद्धा, आणि त्याला जादा वीजजोडणी लागत नाही. एक अपवाद आहे: काही कॅमेरे ४:२:२ नावाच्या रंगपद्धतीत चित्रीकरण करतात, ते या कार्डालाही जमत नाही. पण तसा व्हिडिओ बहुतेक मोबाइलही नीट चालवत नाहीत. तुमचा चाललाय, म्हणून तो साधा ४:२:० असावा. कंट्रोल-जेच्या खिडकीत तेही लिहिलेलं असतं. तरी फक्त लग्न बघायला कार्ड घ्या असं मी म्हणणार नाही. ४के चित्रीकरण वारंवार बघणार असाल तरच.

दुकानदाराच्या बाजूनेही बोलायला हवं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा आधार थांबवलाय, आणि विंडोज ११ तुमच्या चौथ्या पिढीला अधिकृतपणे घेत नाही. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर करत असाल तर नव्याचा विचार आज ना उद्या करावाच लागेल. तो त्या कारणासाठी करा, सवडीने करा. सप्तपदी थांबते म्हणून घाईने नको.

राहिलं यूट्यूब. चालू व्हिडिओवर उजवं बटण दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. ‘बफर हेल्थ’, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ, शून्याकडे जात असेल तर इंटरनेट हळू आहे, राउटरजवळ या किंवा वायर लावा. बफर भरलेला आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढतायत, तर पुन्हा तेच गाठीचं दुखणं. कोडेकपुढे व्हीपी०९ (व्हीपीनाइन) किंवा एव्ही०१ (एव्हीवन) ही आणखी वेगळी कोडेकं दिसतील. एव्हीवन तर इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून आलं. एच२६४आयफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं की यूट्यूब शक्य तिथे एच.२६४ देतं, आणि १०८०च्या वर जाऊ नका.

पहिली दहा मिनिटं छान आणि मग अडखळणं, असं होत असेल तर कॅबिनेट उघडा. आमच्याकडे यंत्रमागाची तूस पंख्यात एवढी बसते की खाली हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, आहे हे शोधावं लागतं. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. ब्रशने आणि हवेच्या फुग्याने साफ करा, पंखा बोटाने धरून, फिरू न देता. एवढ्या जुन्या संगणकात प्रोसेसरवरची पेस्टही वाळून खडू झालेली असते, ती बदलायचा खर्च नगण्य आहे.

हे सगळं करूनही अडलं तर कंट्रोल-जेच्या खिडकीतलं कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेमरेट आणि डिकोडेड फॉरमॅट, या चार ओळी मला लिहून कळवा, आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू किती दिसला तेही. पण फोटोग्राफरला फोन केल्यानंतर.